पेठ, पत आणि धर्मादा : वरूड परिसरातील आरंभीची व्यापारी घराणी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेचे पन्नासावे वर्ष हा गौरवाचा दिवस असतो, तसाच तो हिशेबाचाही दिवस असतो. व्यापारी समाजाला हे वेगळे सांगावयास नको. दिवाळीला वही बदलताना मागील बाकी पुढे ओढल्याशिवाय नवे पान सुरू होत नाही. या न्यासाची पन्नास वर्षे ज्या पायावर उभी राहिली, तो पाया त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या भागातील पेठांमधून घातला गेला. तो कोणी घातला, कशाच्या बळावर घातला आणि त्यात कोणाकोणाचा पैसा होता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. घराण्यांची नावे येथे मुद्दामच घेतलेली नाहीत. नावांच्या यादीत कोणाचे तरी नाव आधी लागते, कोणाचे तरी राहून जाते, आणि मग इतिहास बाजूला पडून मानापमान उरतो. शिवाय पुढे सांगावयाच्या गोष्टी एका घराण्याच्या नसून बहुतेक सर्वांच्या आहेत.

वऱ्हाड आणि कापूस

सातपुड्याच्या पायथ्याशी, चुडामणी नदीकाठी वसलेले वरूड हे पूर्वी मोर्शी तालुक्यातील एक मोठे गाव होते. स्वतंत्र तालुका ते पुढे झाले. उत्तरेस मुलताई आणि पांढुर्णा, पूर्वेस नरखेड-काटोल आणि दक्षिणेस मोर्शीमार्गे अमरावती, असे हे सीमेवरचे ठिकाण. डोंगरातला माल खाली उतरतो आणि मैदानातला माल वर चढतो, अशा जागी पेठ आपोआप उभी राहते. परिसरातील राजुरा बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

परंतु या पेठांना खरे बळ दिले ते कापसाने. १८५३ च्या तहानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्याआधीही येथील कापूस दूरवर जात होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कापूस लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. १८४२ मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा माल रवाना केल्याचे सांगितले जाते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हता असा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला 'उमरा' म्हणत. हे नाव उमरावती म्हणजे अमरावतीवरून पडलेले. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याचा घाम अशा रीतीने सातासमुद्रापार एका व्यापारी नावाने ओळखला जाऊ लागला.

मात्र आगगाडी वरूडला आली नाही. कापसाच्या बंड्या बडनेरा-अमरावतीकडे जात आणि येताना कापड, मीठ, गूळ, किराणा घेऊन येत. १९२० च्या दशकात नागपूर-इटारसी मार्ग सुरू झाल्यावर पांढुर्णा व नरखेड ही स्थानके जवळची झाली. वरूडला स्वतःचे स्थानक मिळाले ते एकविसाव्या शतकात, अमरावती-नरखेड मार्गावर, आणि त्याला नाव मिळाले 'वरूड ऑरेंज सिटी'. जी गावे रेल्वेपासून दूर होती तेथे मधल्या माणसाचे महत्त्व अधिक होते. तो मधला माणूस म्हणजे पेठेतला दुकानदार.

आधीचे आणि मागाहून आलेले

वऱ्हाडातील जैन समाज एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आलेला नाही. पुष्कळ जण समजतात की जैन म्हणजे राजस्थानातून लोटा-दोरी घेऊन आलेला व्यापारी. हे अर्धेच खरे आहे. कारंजा, अचलपूर, भातकुली, शिरपूर, मुक्तागिरी या ठिकाणांचा इतिहास त्याहून फार जुना आहे. कारंजा येथे भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि तेथील ग्रंथभांडारे देशभरातील विद्वानांना ठाऊक होती. सतराव्या शतकातील शीलविजय या श्वेतांबर यतींनी आपल्या तीर्थयात्रावर्णनात कारंज्याच्या भोज संघवी या बघेरवाळ श्रावकाच्या वैभवाची आणि दानशीलतेची नोंद केली आहे. बघेरवाळ, सैतवाळ अशा समाजांतील घराणी कित्येक पिढ्या मराठी बोलत, शेती आणि व्यापार करीत येथेच नांदत आली. त्यांच्या पूर्वजांच्या नावांपुढे लागणारे 'सा' हे उपपद आजही जुन्या कागदांत आणि मंदिरांच्या शिलालेखांत दिसते.

दुसरी लाट आली ती कापसाच्या तेजीनंतर. मारवाडातील ओसवाल, ढुंढाड भागातील खंडेलवाल, गुजरात-कच्छकडील श्रीमाळी व ओसवाल, बुंदेलखंडाकडून परवार, असे अनेक प्रवाह रेल्वेच्या वाटेने या भागात शिरले. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १८९९-१९०० मध्ये, राजस्थानात भीषण दुष्काळ पडला. 'छपन्या' म्हणून तो आजही स्मरणात आहे. 'आमचे पणजोबा छपन्याच्या साली निघाले' हे वाक्य अनेक घरांत ऐकावयास मिळते. दुर्दैवाने त्याच वर्षी वऱ्हाडातही दुष्काळच होता. एका दुष्काळातून निघून माणसे दुसऱ्या दुष्काळात आली. तरीही ती टिकली, कारण आधी आलेल्या नातलगाच्या दुकानात त्यांना निजायला ओटा आणि करायला काम मिळाले.

या व्यवस्थेचा क्रम ठरलेला असे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा देशाकडून येई. दोन-चार वर्षे तो नात्यातल्या पेढीवर दुकान झाडणे, गाठोडी उचलणे, उगराणीला जाणे अशी कामे करी. त्याचा पगार त्याच्या हाती न पडता वहीत त्याच्या नावे जमा होई. अक्षर आणि नियत या दोन्हींची पारख झाली की त्याला उधारीवर माल देऊन शेजारच्या गावी दुकान घालून दिले जाई. बेनोडा, जरूड, शेंदुरजनाघाट, लोणी, पुसला अशा भोवतालच्या गावांचे व्यवहार वरूडच्या पेठेशी आणि तेथून अमरावतीच्या मोठ्या पेढ्यांशी जोडलेले राहिले, ते अशाच धाग्यांनी.

कापडाचे दुकान

या घराण्यांपैकी इतक्यांनी कापडाचाच धंदा का धरला, याला धार्मिक कारणही आहे. श्रावकाने कोणते धंदे टाळावेत याची यादी शास्त्रात पंधरा कर्मादानांच्या रूपाने दिलेली आहे. जंगलतोड, कोळसा पाडणे, लाख, हस्तिदंत, मद्य, विष, घाणे चालविणे, तळी आटविणे हे व्यवसाय जीवहिंसेमुळे वर्ज्य मानले गेले. मग उरले ते कापड, धान्य, सोने-चांदी आणि सावकारी. कापडात जीवहिंसा कमी, माल नासत नाही, आणि शेतकऱ्याला वर्षातून दोन वेळा तरी त्याची गरज लागतेच.

दुकानाआधी फेरी होती. पाठीवर गाठोडे टाकून, पुढे एखादे तट्टू घेऊन, आठवडी बाजार धरत माणसे हिंडत. मग ओट्यावरची गादी, तिच्यावर पांढरे आच्छादन, तक्क्याला टेकलेले शेठजी आणि समोर उलगडलेली ठाणे असे दुकान आले. मांजरपाट, लठ्ठा, धोतरजोडे, लुगडी, खण, पागोटी, घोंगड्या हा मुख्य माल. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि विलायती कापडाच्या शेजारी नागपुरी गिरणीचे कापड येऊन बसले. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोला येथील गिरण्यांचाही माल आला. वऱ्हाडातून कापूस म्हणून गेलेली वस्तू धोतर होऊन त्याच शेतकऱ्याच्या अंगावर परत येई. त्या फेऱ्यात दोन्ही वेळा दुकानदार मध्ये होता, हे विसरता येत नाही.

कापड वारावर मोजले जाई. लोखंडी गज हातात घेऊन मापणे ही कला होती आणि परीक्षाही. गज पुढे सरकवताना अंगठा किती आत धरला, ताणून मोजले की सैल मोजले, यावर दुकानाची कीर्ती ठरे. अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक आहे: घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे. 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे चांगल्यात वाईट मिसळणे, हा दुसरा. ओला कापूस, सरकीत माती, धुतले की विरणारे लुगडे हे सारे या दुसऱ्या अतिचारात येते. प्रवचनात हे शब्द ऐकताना पेठेतल्या माणसाला त्यांचा अर्थ विचारावा लागत नसे. ज्या दुकानांवर तीन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइके टिकली, त्यांच्या गजावर लोकांचा भरवसा होता, एवढाच त्याचा निष्कर्ष निघतो.

दुकानामागे घर असे आणि त्या घराचा व्यापारातील वाटा कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. लांबच्या खेड्यावरून आलेल्या शेतकऱ्याची बंडी परसात सुटे. त्याला पाणी, भाकरी, कधी मुक्कामाला पडवी मिळे. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम, पाणी गाळण्याचा नियम, आणि त्यातच पाहुण्या-गिऱ्हाइकांची ये-जा, हे सर्व घरातील स्त्रियांनी सांभाळले. लग्नाच्या बस्त्यात कोणते लुगडे चालेल, कोणत्या गावाला कोणता काठ आवडतो, हे ज्ञानही बहुधा माजघरातून दुकानात येई. अकाली वैधव्य आलेल्या कितीतरी मातांनी मुनिमाच्या मदतीने दुकान राखले आणि मुलगा कर्ता झाल्यावर त्याच्या हाती सोपविले. घराण्याचा इतिहास लिहिताना त्या मातांचे नाव वंशावळीत नसते. ते असावयास हवे.

वही आणि पत

जुन्या पेढीचा आत्मा म्हणजे तिची वही. लाल कापडात बांधलेल्या, उभ्या दुमडलेल्या पानांच्या वह्यांत रोजमेळ, खातेवही, हुंडीची नोंद आणि उधारी वेगवेगळी असे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. भगवान महावीरांचे निर्वाण कार्तिक अमावास्येचे. म्हणून जैनांची दिवाळी ही निर्वाणोत्सवाची आणि त्याच वेळी वहीपूजनाची. अनेक घरांत नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य लाभो अशी मागणी लिहिली जाई. ज्याच्याकडे अमाप ऋद्धी होती तो शालिभद्र शेवटी सर्वसंगपरित्याग करून गेला, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे.

मराठी घराण्यांच्या वह्या मोडीत आणि मारवाडी पेढ्यांच्या वह्या महाजनी लिपीत असत. महाजनीत काना-मात्रा गाळून लिहिण्याची रीत होती. त्यावरचा विनोद सर्वांना ठाऊक आहे: 'काकाजी अजमेर गये' असे पत्र गावी पोहोचले आणि वाचणाऱ्याने ते 'काकाजी आज मर गये' असे वाचून घरात रडारड उडवून दिली. विनोद सोडला तरी या लिपीचा उपयोग असा की परक्याला ती वाचता येत नसे. तोटा असा की आज घरच्यांनाही ती वाचता येत नाही.

पैशांची ने-आण हुंडीने होई. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवशी. अमरावतीच्या पेढीवरची हुंडी मुंबईत स्वीकारली जाई, ती कागदाच्या किमतीवर नव्हे तर सही करणाऱ्याच्या पतीवर. एकदा हुंडी परत आली की ती बातमी मालकाच्या आधी बाजारात पोहोचे. म्हणूनच 'जान जाय पर साख न जाय' ही म्हण केवळ बोलण्यापुरती राहिली नव्हती.

नावे बाजू

बंधु-भगिनींनो, जमा बाजू वाचून झाली. आता नावे बाजूही वाचली पाहिजे. स्मरणिकांतून आणि सत्कारसमारंभांतून तिचा उल्लेख सहसा होत नाही, पण तो टाळला तर इतिहास अर्धा राहतो.

इंग्रजी अमलात वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने जमीनमोजणी झाली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, धारा ठरला आणि शेत गहाण ठेवण्याचा व विकण्याचा हक्क रयतेला मिळाला. जी जमीन विकता येते तिच्यावर कर्जही मिळते. आषाढात बियाणे, कापड, किराणा उधारीवर न्यायचा आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस घरी आला की फेडायचा, हा वार्षिक क्रम झाला. पीक चांगले आले तर दोघांचेही भले होई. परंतु धान्याची उधारी सवाई किंवा दिढीने असे, म्हणजे एक मण नेल्यास सव्वा किंवा दीड मण परत. व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा जुना नियम होता, पण कागद नवा करून जुने व्याज मुदलात मिळविले की तो नियम उरत नसे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी, आणि नंतर १९२९ पासूनच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळल्याने, अनेक शेते गहाणखतांतून साठेखतांत आणि तेथून सावकारांच्या नावावर गेली. या सावकारांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. त्यांत जैनही होते. पुढे सरकारला १९३३ मध्ये कर्जनिवारण मंडळांचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्न किती खोल गेला होता ते दिसते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मंदीत पेढ्याही बुडाल्या. शेतकऱ्याकडची उधारी वसूल झाली नाही आणि मुंबईची हुंडी तर भरावीच लागली, अशा कात्रीत सापडून दागिने मोडणारी घराणी होती. दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारे शेठ होते आणि कोठारावर कुलूप ठेवणारेही होते. परिग्रहाला परिमाण घालावे, हे व्रत घेतलेल्या समाजात दोन्ही प्रकारची माणसे निघाली. अहिंसेचा विचार गाळलेल्या पाण्यापर्यंत नेणाऱ्यांनी तो व्याजाच्या दरापर्यंत नेला का, हा प्रश्न आजच्या पिढीने पूर्वजांना अपमान म्हणून नव्हे, तर स्वाध्याय म्हणून विचारावा. प्रतिक्रमण ही व्यक्तीची क्रिया आहे, तशी ती समाजाचीही असू शकते.

धर्मादा कोणाचा

याच ठिकाणी न्यासाच्या विषयाकडे यावे लागते. मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा, गोरक्षण या संस्था पूर्वी कशा चालत? चढाव्याच्या बोल्या, पर्युषण आणि दशलक्षण पर्वातील दान, लग्नप्रसंगीची देणगी हे मार्ग सर्वांना माहीत आहेत. आणखी एक मोठा मार्ग होता, तो म्हणजे धर्मादा. बाजारात कापसाचा किंवा धान्याचा व्यवहार झाला की दलाली, हमाली, तोलाई यांच्याबरोबर गाडीमागे किंवा शेकड्यामागे थोडी रक्कम धर्मादा म्हणून कापली जाई. अडत्याच्या वहीत त्याचे स्वतंत्र खाते असे आणि वर्षाखेरीस ती रक्कम धर्मकार्याला जाई.

ही रक्कम कापली कोणाच्या पट्टीतून? माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या. तो कुणबी असेल, माळी असेल, तेली असेल, मुसलमान किंवा डोंगरातला गोंड असेल. त्याला विचारून ती कापली जात नसे. वऱ्हाडाने या बाबतीत देशाला वाट दाखविली, हेही सांगितले पाहिजे. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. तो देशातील पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली आणि पुढील बाजार कायद्यांनी मनमानी कपातींना हळूहळू आळा घातला.

याचा अर्थ दानशूरांचे दान खोटे होते असा मुळीच नाही. अचलपूरचे दानवीर नत्थूसा पासूसा कळमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुक्तागिरीचा डोंगर मालगुजाराकडून खरेदी करून तीर्थ समाजाच्या स्वाधीन केले. ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजे पुढील काळातील आचार्य समंतभद्र महाराज, यांनी १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला, तो व्यापारी श्रावकांच्या आधारावरच वाढला. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी धवला टीकेसह षट्खंडागमाच्या संपादनाचे प्रचंड कार्य हाती घेतले आणि १९३९ मध्ये त्याचा पहिला भाग अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. मुडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंद असलेला आगम छापून जगासमोर आला, त्याला विदिशाच्या शेठ लक्ष्मीचंद्रजींच्या देणगीचा आधार होता. पेठेतला पैसा कोठवर पोहोचू शकतो, याची याहून मोठी साक्ष नाही.

सांगावयाचे एवढेच की, या भागातील धर्मसंस्थांच्या पायातील काही दगड अशा लोकांच्या घामाचे आहेत ज्यांनी त्या मंदिराची पायरी कधी चढली नाही. शिलालेखावर देणाऱ्याचे नाव असते. ज्याच्याकडून कापले गेले त्याचे नसते.

बदलती पेठ

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कापडावर नियंत्रण आले आणि ठाणांवर किंमत छापली जाऊ लागली. १ एप्रिल १९५७ रोजी आण्याच्या जागी नवे पैसे आले. १९५६ च्या मेट्रिक कायद्यानुसार १९६० च्या दशकाच्या आरंभी वाराची जागा मीटरने घेतली. तरीही नऊवारी हे नाव टिकले, जरी दुकानदार ते आठ मीटर तेवीस सेंटीमीटर कापून देऊ लागला. याच सुमारास सार्वजनिक न्यासांचा कायदा विदर्भालाही लागू झाला आणि शेठजींच्या पेटीतील धर्मखाते नोंदणीकृत विश्वस्तांच्या हाती आले.

सर्वांत मोठा धक्का १९७२ चा. महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि खासगी व्यापाऱ्याला कच्चा कापूस खरेदी करण्याचा मार्ग बंद झाला. शंभर वर्षे कापसावर जगलेल्या अडत्यांना एका हंगामात नवा धंदा शोधावा लागला. कोणी किराणा धरला, कोणी औषधे, कोणी बी-बियाणे आणि खते. कित्येकांनी कापडाचे दुकान वाढविले. २००२ च्या सुमारास ही मक्तेदारी सैल झाली, तोपर्यंत एक पिढी उलटली होती. त्याच वर्षी नागपूरची एम्प्रेस मिल कायमची बंद झाली.

वरूड-मोर्शी पट्ट्याला मात्र संत्र्याने तारले. विहिरीच्या पाण्यावर बागा वाढल्या, शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतील कलमे दूरवर जाऊ लागली. आंबिया आणि मृग या दोन बहारांनी पेठेचे वेळापत्रक बदलले. लग्नाचा बस्ता बाग विकल्यावर ठरू लागला. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु विहिरींचे पाणी खोल गेले, बांगलादेशाने आयात शुल्क वाढविताच भाव पडले, आणि शेतकऱ्याची चिंता पुन्हा दुकानाच्या उंबरठ्यावर येऊन बसली. गिऱ्हाईक अडचणीत तर दुकान अडचणीत, हे नाते तेवढे बदललेले नाही. दरम्यान घराण्यांतील मुले-मुली शिकून नागपूर, पुणे, मुंबई आणि परदेशी गेली. अनेक जुन्या दुकानांत आज गादीवर साठीतला माणूस आहे आणि त्याच्यामागे कोणी नाही.

पुढील पानासाठी

अशा वेळी सुवर्णमहोत्सवाने कोणते काम करावे? काही गोष्टी न्यासाच्या आवाक्यातील आहेत.

पहिली, जुन्या वह्या वाचविणे. घर पाडताना, वाटणी होताना, माळा झाडताना त्या रद्दीत जातात. त्या न्यासाने जमा कराव्यात, झाडून-पुसून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. ज्या घराण्याची वही असेल त्याची मालकी त्याच्याकडेच राहावी. मोडी आणि महाजनी वाचू शकणारे वृद्ध मुनीम थोडेच उरले आहेत. त्यांच्यासमोर तरुणांना बसवावे. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.

दुसरी, बोलणे टिपून घेणे. ऐंशी-नव्वदीतील आजींना कोणत्या साली कोण कोठून आले, दुकानाआधी फेरी कोठवर होती, हे अजून आठवते. त्यांच्याबरोबर जुने हमाल, मापारी, गाडीवान आणि पिढीजात गिऱ्हाईक शेतकरी यांच्याही आठवणी घ्याव्यात. पेठेचा इतिहास गादीवरून जसा दिसतो, तसा ओट्याखालून दिसत नाही.

तिसरी, धर्माद्याची बाकी. ती कोणत्याही न्यायालयात मागता येणार नाही, म्हणूनच ती मनाने मान्य करावी. न्यासाच्या शिष्यवृत्तीत, औषधोपचाराच्या मदतीत आणि पाणपोईत जैनेतर शेतकरी-मजुरांच्या मुलांना स्थान असावे. त्याला उपकार न म्हणता परतफेड म्हणावे. ज्यांच्या आजोबांच्या पट्टीतून चार आणे कापले गेले, त्यांच्या नातवंडांच्या वह्या-पुस्तकांसाठी ते परत जावेत, यात व्यापाराचा नियमही पाळला जातो आणि धर्माचाही.

पूर्वजांनी मागे ठेवले ते दोन प्रकारचे धन होते. दुकाने, जागा, दागिने हे वाटणीत गेले. पत मात्र वाटता आली नाही. ती सामाईक राहिली आणि न्यास हे तिचे आजचे नाव आहे. ती टिकवावयाची तर वहीची दोन्ही पाने उघडी ठेवावी लागतील. पुढील पन्नास वर्षांच्या विश्वस्तांना जमा बाजूइतकीच स्वच्छ नावे बाजू वाचावयास मिळो, हीच या मंगल प्रसंगी भावना.

जय जिनेंद्र.